उभ्या गाडीची थरथर

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात जो उभा राहिला नाही, त्याने कोल्हापूर पाहिले असे आम्ही मानीत नाही. अंबाबाईची पालखी येते, भवानीची पालखी येते, सूर्य कलला की शमीपूजन होते आणि मग सोने लुटण्यासाठी अशी झुंबड उडते की आपट्याचे पान आपल्या हाती आले की दुसऱ्याचा हात आपल्या हाती आला, हेही क्षणभर कळत नाही. या सगळ्या गर्दीतून छत्रपतींच्या घराण्याची ती जुनी मेबॅक मोटार येते. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतली, १९३६ सालची, केशरी रंगाची. पोरे बापाच्या खांद्यावर चढून तिच्याकडे पाहतात. म्हातारी माणसे हात जोडतात. मोटारीला हात जोडणारे गाव दुसरे कुठे असेल असे मला वाटत नाही.

मी लहानपणापासून ती मोटार पाहत आलो. पण तिच्यातली खरी अवघड गोष्ट माझ्या ध्यानात यायला वयाची चाळिशी उलटावी लागली. ती मोटार पळत नाही, माणसाच्या चालीने चालते. थांबते, पुन्हा दोन पावले सरकते, पुन्हा थांबते. मोटार भरधाव पळवणे सोपे आहे. गर्दीच्या मधोमध, पायाखाली पोरेटोरे असताना, इंजिन चालू ठेवून शांत उभे राहणे, हे मात्र मोटारीच्या जन्मापासून तिला अवघड गेलेले काम आहे. ही गोष्ट मला एका अगदी साध्या गाडीने शिकवली. ती माझ्या वडिलांची फियाट. आजच्या लेखात तिची हकिगत आणि तिच्या निमित्ताने थोडासा इतिहास सांगण्याचा विचार आहे. मी इतिहासकार नव्हे. दहावीनंतर चित्रकलेची परीक्षा देऊन शाळेत मास्तर झालो आणि रिकाम्या वेळी कादंबऱ्या लिहिल्या, एवढेच माझे भांडवल. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

*

गाडी १९८६ सालची, प्रीमियर पद्मिनी. आमच्याकडे तिला कोणी पद्मिनी म्हटले नाही, ती फियाटच. वडिलांनी १९९४ मध्ये ती जुनीच घेतली, तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. दर दसऱ्याला सकाळी गाडी धुवायची, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा आणि संध्याकाळी आईला पुढच्या आसनावर बसवून दसरा चौकाच्या जितके जवळ जाता येईल तितके जायचे, हा वडिलांचा नेम. चार वर्षांपूर्वी ते गेले. नेम माझ्याकडे आला.

गेल्या वर्षी श्रावणात गाडीला एक विचित्र खोड लागली. रस्त्यावर ती ठीक चाले. चढणीलाही कुरकुर नसे. पण सिग्नलला थांबून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की हिवताप भरल्यासारखी थरथरू लागे. आरशाला अडकवलेली जपमाळ खुळखुळे, काचा वाजत, आणि कधी कधी एक मोठा आचका देऊन इंजिन बंद पडे. मेस्त्री लोकांच्या भाषेत, गाडी 'स्लो पकडत' नव्हती, 'मिसिंग' मारीत होती. बिंदू चौकात मागून हॉर्न वाजू लागले की मास्तरकीची सगळी प्रतिष्ठा घामाबरोबर गळून जाई.

पुण्याचा धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, भंगारात दे आता. किती दिवस ओढणार आहेस?" आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी चहा देताना एवढेच म्हणाली, "ठेवायची नसली तर दसऱ्यानंतर बघ बाबा. औंदा मी एकदा जाऊन येतो." आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी येतो, मी जातो' असेच बोलतात. त्या 'जाऊन येतो'मध्ये काय होते ते मला समजले. दसऱ्याला दोन महिने होते.

आता माझे निदान सांगतो. मी कादंबरीकार असल्यामुळे मला कारणे सुचण्यास वेळ लागत नाही. पहिले कारण म्हणजे पेट्रोल. २०२५पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे ठरले आणि तसे ते मिसळलेही गेले. आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचा रस आमच्याच गाडीच्या टाकीत येऊन तिला मारतो आहे, ही कल्पना मला इतकी नाट्यमय वाटली की तिच्यावर एक प्रकरण लिहिता आले असते. दुसरे कारण प्लग. ते चारी नवे घातले. थरथर तशीच. तिसरे कारण मला सर्वांत पटले. जूनमध्ये गावातल्या एका गॅरेजात कार्बोरेटर उतरवून साफ करून घेतला होता. ते काम तिथल्या एका पोराने केले होते. वय वीस-एकवीस. आमच्याच शाळेत सातवीपर्यंत माझ्या वर्गात होता. त्यानेच काहीतरी बिघडवले असणार! मी जाऊन मालकाकडे तक्रार केली. मालक पोरावर ओरडला. पोरगा खाली मान घालून काहीतरी पुटपुटला, ते मी नीट ऐकले नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा तो तिथे नव्हता. मालकाने त्याला काढून टाकले होते. मला थोडे वाईट वाटले. पण न्याय झाला, असेही वाटले. गाडी मात्र थरथरतच होती.

*

इथे थोडे मागे जाऊ. कार्बोरेटर म्हणजे काय आणि उभ्या गाडीला त्याचा एवढा जाच का, हे कळल्याशिवाय पुढच्या गोष्टीत मौज नाही.

पेट्रोल जसेच्या तसे इंजिनात ओतून भागत नाही. ते हवेत बेताने मिसळावे लागते; साधारणतः एक भाग पेट्रोल तर वजनाने पंधरा भाग हवा. हवा जास्त झाली की ठिणगी पडूनही मिश्रण नीट पेटत नाही, पेट्रोल जास्त झाले की काळा धूर निघतो. कार्ल बेन्झने जर्मनीत १८८६च्या जानेवारीत आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले, तेव्हा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यात वाफ मिसळण्याची रीत होती. म्हणजे उदबत्तीच्या धुराने देव्हारा भरावा तसा प्रकार. थंडीत वाफ कमी, उन्हात जास्त. सगळा हवामानाचा कारभार.

ही अडचण सोडवणाऱ्यांपैकी एकाचे नाव विल्हेल्म मेबॅक. होय, तेच नाव. १८४६ सालचा त्याचा जन्म. दहाव्या वर्षी आईबाप दोघेही गेले आणि रॉइटलिंगेन गावातल्या एका धर्मादाय अनाथगृहात तो वाढला. त्या संस्थेचा कारखाना होता. तिथे गॉटलीब डाइमलर कामाला आला आणि या पोराची बोटे त्याने ओळखली. पुढे दोघांनी आयुष्यभर बरोबर काम केले. १८९३च्या सुमारास मेबॅकने असा कार्बोरेटर केला की ज्यात पेट्रोल एका बारीक तोंडातून हवेच्या झोतात फवारले जाई. त्याच वर्षी हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका या दोघांनीही याच तत्त्वावरचे पेटंट घेतले. बुडापेस्टच्या रस्त्यावर एक फूलवाली तोंडाने फुंकून फुलांवर पाणी फवारत होती, ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, तत्त्व तेच आहे. वारा जोरात गेला की पातळ पदार्थ वर ओढला जातो आणि त्याचे तुषार होतात.

विल्हेल्मचा मुलगा कार्ल. त्याने आधी झेपेलिनच्या विमान-नौकांची इंजिने केली आणि पुढे मेबॅक मोटारी. म्हणजे दसरा चौकात आपण हात जोडतो ती मोटार मुलाच्या कारखान्यातली आणि तिच्या श्वासाची युक्ती बापाची. अनाथगृहातल्या एका पोराच्या बोटांवर विश्वास ठेवल्यामुळे हे घडले. पण हा विचार मला तेव्हा सुचला नाही. फार नंतर सुचला.

आता फवाऱ्यातला दोष पाहा. वारा जोरात असेल तरच फवारा उडतो. गाडी उभी असते, ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, तेव्हा हवेच्या वाटेतली झडप जवळजवळ मिटलेली असते. वारा नाहीच. मग मोठा जेट गप्प बसतो. तरी इंजिन बंद पडता कामा नये! म्हणून कार्बोरेटर करणाऱ्यांनी आणखी एक चोरवाट काढली. मिटलेल्या झडपेच्या खालच्या अंगाला इंजिनाच्या ओढीमुळे जबरदस्त पोकळी निर्माण होते. त्या जागी एक सुईच्या टोकाएवढे भोक ठेवले आणि त्यातून थेंबथेंब पेट्रोल आत जाईल अशी योजना केली. हाच स्लो जेट. बाहेरून एक लहानसा स्क्रू, तो फिरवून मिश्रण कमी-जास्त करावयाचे. आमच्या गाडीवर सोलेक्स जातीचा कार्बोरेटर आहे. मूळ फ्रान्सचा. त्याचीही रचना अशीच.

उभी गाडी मिनिटाला साडेसातशे फेऱ्यांनी चालत असेल, तर चार नळकांड्यांत मिळून मिनिटाला दीड हजार स्फोट होतात, सेकंदाला पंचवीस. त्यांतला एखादा चुकला तर खड्ड्यात चाक जावे तसे सगळ्या अंगाला जाणवते. हीच गाडी वेगात असताना सेकंदाला शंभर स्फोट होतात, आणि एखादा चुकला तरी जड फिरत्या चक्राच्या जोरात तो लपून जातो. म्हणून जाणते मेस्त्री गाडी पळवून पाहत नाहीत, आधी उभी करून पाहतात. पळत्या गाडीचे पुष्कळ दोष झाकले जातात; उभ्या गाडीचा एकही नाही.

आमच्या फियाटचा वंशही सांगण्यासारखा आहे. १०८९ घनसेंटिमीटरचे हे इंजिन मूळ इटलीतले. १९३७ साली फियाटने ५०८ सी नावाची गाडी काढली, तिच्यापासून ही परंपरा येते. म्हणजे दसरा चौकातल्या मेबॅकपेक्षा एका वर्षाने धाकटी. हिंदुस्थानात ती आणली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने. ही कंपनी १९४४ सालची, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. १९६०च्या दशकात फियाट ११०० डी आली, १९७०च्या दशकात तिचेच नाव पद्मिनी झाले, आणि पुढे २०००च्या सुमारापर्यंत त्याच जातीची गाडी निघत राहिली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती तुम्हा सर्वांच्या ओळखीची आहे. २०२३च्या ऑक्टोबरअखेर वयाची वीस वर्षांची मर्यादा संपून शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. त्याच सुमारास एका पिढीचे कानही निवृत्त झाले. त्यांचा निरोप समारंभ मात्र कोणी केला नाही.

*

शेवटी एका शेजाऱ्याने मला शिवाजी उद्यमनगरातल्या एका वृद्ध मेस्त्रींकडे पाठवले.

उद्यमनगर म्हणजे काय हे बाहेरगावच्या वाचकांना सांगितले पाहिजे. कोल्हापूरला गूळ आणि कुस्ती यांचे गाव समजतात, ते खरेच आहे. पण ते यंत्रांचेही गाव आहे. शाहू महाराजांनी १९०६ साली इथे कापडगिरणी काढली. पंचगंगेच्या काठच्या उसाला पाणी हवे, पाण्याला पंप हवा, पंपाला ऑइल इंजिन हवे, आणि इंजिन बंद पडले की मळ्यात उभे राहून ते दुरुस्त करणारा माणूस हवा. त्यातून ओतकाम आले, लेथ आले, कारखाने आले. यंत्रमहर्षी म्हणून म्हादबा मेस्त्रींचे नाव इथे आजही आदराने घेतात. इतकेच काय, आमच्या बाबूराव पेंटरांना सिनेमा काढायचा होता, तर त्यांनी कॅमेराच घरी केला. आधी आनंदराव पेंटर आणि ते असे दोघे मिळून खटपट करीत होते. १९१६ मध्ये आनंदराव गेले. मग दामल्यांच्या मदतीने बाबूरावांनी १९१८च्या सुमारास तो पुरा केला. शाळेत न शिकवलेली विद्या डोळ्यांनी, कानांनी आणि बोटांनी शिकण्याची ही कोल्हापूरची जुनी रीत.

मेस्त्री सत्तरीच्या पुढचे. आयुष्य ऑइल इंजिने आणि लेथ यांच्या आवाजात गेल्यामुळे दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरे. मी मनात म्हटले, झाले! इंजिनाचा आवाज ऐकून निदान करायचे, आणि वैद्यच बहिरा!

त्यांनी बॉनेट उघडण्याआधी मला टपरीवरून चहा मागवला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"कवापासनं थरथरतीया?"

"श्रावणापासून."

"गार आसताना का गरम झाल्यावर?"

"दोन्ही वेळा. गरम झाल्यावर जरा जास्त."

"पळताना?"

"पळताना काही नाही."

"त्याच्या आधी शेवटचा हात कुणी लावला?"

मी गॅरेजचे आणि त्या पोराचे सगळे रामायण सांगितले. मेस्त्रींनी ते किती ऐकले कोण जाणे. "आनि त्याच्या नंतर?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "कोणी नाही." हे खोटे आहे, हे तेव्हा माझ्याही लक्षात नव्हते.

गाडी चालू केली. मेस्त्रींनी पुढच्या मडगार्डवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. वैद्य नाडीवर तीन बोटे ठेवतात, तसे. मला औएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियन डॉक्टरची गोष्ट आठवली. तो खानावळवाल्याचा मुलगा. दारूचे पिंप किती भरले आहे हे त्यावर बोटांनी ठोकून ओळखतात, ते त्याने लहानपणी पाहिले होते. पुढे डॉक्टर झाल्यावर त्याने रोग्याच्या छातीवर तसेच ठोकून पाहिले आणि १७६१ साली त्यावर पुस्तक लिहिले. आजही डॉक्टर आपली छाती ठोकतात ती त्याच्यामुळे. विद्या कुठून कुठे जाते पाहा!

"मास्तर," मेस्त्री म्हणाले, "कान तुमचा, हात माजा. मी एकेक करतो, आवाज बदलला तर सांगायचं. बदलला न्हाई तरी सांगायचं. मनानं काय घालायचं न्हाई."

शेवटचे वाक्य त्यांनी कादंबरीकाराला ओळखून म्हटले की काय, असे मला वाटले.

त्यांनी जाड कापडात धरून पहिल्या प्लगची वायर काढली. इंजिन आणखी लंगडले. ती लावून दुसरी काढली, मग तिसरी, मग चौथी. प्रत्येक वेळी इंजिन सारखेच खाली बसले. "म्हंजे चारी भाऊ कामाला हाईत," मेस्त्री म्हणाले. "एकादा आळशी आसता, तर त्याची वायर काढून काय फरक पडला नसता. मग प्लग, वायर, व्हॉल्व्ह त्याचं बघितलं आसतं. ही घरातल्या एकाची तक्रार न्हाई. सगळ्यांच्या ताटात कायतरी कमी पडतंय."

माझे चार नव्या प्लगांचे पैसे तिथेच बुडाले.

मग त्यांनी वहीचा एक कागद फाडून मागच्या धुराड्याच्या तोंडाशी धरला. कागद फडफडत बाहेरच उडत होता, मधूनच आत ओढला जात नव्हता. म्हणजे धूर सोडणारा व्हॉल्व्ह जळालेला नाही. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून पॉइंट पाहिले, पातळ पट्टी घालून त्यांतले अंतर पाहिले. ठीक. स्लो जेट काढून उजेडात धरला, फुंकला. स्वच्छ. "पोरानं काम चांगलं केलतं," ते सहज म्हणाले. मला ते ऐकायला आवडले नाही.

आता मिश्रणाचा स्क्रू. तो एक फेरा बाहेर काढला, एक फेरा आत घेतला. मी कान देऊन ऐकत होतो. काही फरक नाही. "काहीच बदल नाही, मेस्त्री!" मी ओरडून सांगितले. त्यांनी मान हलवली. जणू हेच उत्तर त्यांना हवे होते. मग त्यांनी मला आत बसून चोक जरासा ओढायला सांगितले. चोक ओढणे म्हणजे वरून येणारी हवा अडवणे. मी तो बोटभर ओढला आणि काय सांगावे! थरथर थांबली. जपमाळ निश्चल झाली. गाडी मांजरासारखी गुरगुरू लागली.

"हवा आडवली की बरी हुती," मेस्त्री म्हणाले. "म्हंजे हवा ज्यादा हाय. वरच्या दारानं न्हाई. कुटंतरी भिंतीला भोक हाय, तितनं चोरून येत्या. पळताना हजार माणसं जेवत आसत्यात, त्यात चार आगंतुक आलं तर कळत न्हाई. घरात चौघंच जेवाय बसल्यावर चार आगंतुक आलं म्हंजे?"

उभ्या इंजिनाच्या पोकळीचे इतके सोपे वर्णन मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही.

भोक शोधायचे कसे? मेस्त्रींनी तेलाची कुपी घेतली आणि सांध्यासांध्यावर एकेक थेंब सोडीत गेले. रबरी नळीवर थेंब. फरक नाही. मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर थेंब. फरक नाही. कार्बोरेटर जिथे मॅनिफोल्डवर बसतो, त्या बुडाशी थेंब सोडला, आणि तो थेंब पाहता पाहता आत ओढला गेला. इंजिनाचा आवाज क्षणभर भरदार झाला. मला सांगावेच लागले नाही. मेस्त्रींच्या तळहाताला ते माझ्या कानाआधी कळले होते.

कार्बोरेटर उतरवला. त्याच्या बुडाला दोन कान असतात, त्यांतून नट आवळतात. मेस्त्रींनी बुडावर पोलादी फूटपट्टी आडवी धरली आणि उजेडाकडे करून मला दाखवली. पट्टी आणि बूड यांच्यामध्ये नखाच्या कडेएवढी उजेडाची रेघ दिसत होती. दोन्ही कान वाकले होते आणि मधला भाग वर उचलला गेला होता.

"ही कच्ची धातू. नट बेतानं आवळायचं आसत्यात. हितं कुणीतरी लांब पान्यानं जीव खाऊन आवळलंय."

तेव्हा मला आठवले. गाडी गॅरेजमधून आणल्यावर चार दिवसांनी मला पेट्रोलचा वास आल्यासारखे वाटले होते. पोराने नट सैल ठेवले असणार, अशी शंका आली. मी वडिलांचा लांब पाना घेतला, आणि एका रविवारी सकाळी, घट्ट म्हणजे चांगले, असे समजून, दोन्ही नट दात-ओठ खाऊन आवळले. त्यानंतरच थरथर सुरू झाली होती. 'शेवटचा हात कुणी लावला' या प्रश्नाचे उत्तर माझ्याच मनगटाला ठाऊक होते.

मी ते मेस्त्रींना सांगितले. एवढ्या वेळात हेच एक वाक्य त्यांना पहिल्या झटक्यात ऐकू आले. ते हसले नाहीत. जाड काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर पसरून त्यांनी कार्बोरेटरचे बूड गोल गोल घासायला माझ्याच हाती दिले. तासभर घासल्यावर उजेडाची रेघ गेली. नवे पॅकिंग कापले. नट त्यांनी आखूड पान्याने, एकदा इकडचा, एकदा तिकडचा, असे थोडे थोडे आवळले. स्क्रू फिरवून स्लो लावला. आता पाव फेऱ्यालाही इंजिन उत्तर देत होते. पॅकिंगचे आणि चहाचे मिळून जे झाले तेवढेच पैसे त्यांनी घेतले.

निघताना म्हणाले, "त्या पोराला काय म्हनू नका."

मी म्हणालो, "म्हणून झाले, मेस्त्री."

*

तो पोरगा मला मार्केट यार्डाकडच्या एका पंक्चरच्या दुकानात सापडला. मला पाहून हातातली ट्यूब बाजूला ठेवून उभा राहिला. मास्तर दिसले की उभे राहायचे, ही सवय अजून होती. त्याने मला जास्तच शरमिंदा केले. मी जे घडले ते सांगितले आणि माफी मागितली. गुरूने शिष्याची माफी मागण्याची रीत आपल्याकडे नाही, त्यामुळे दोघेही अवघडलो.

तो म्हणाला, "सर, मी त्याच दिवशी म्हटलो होतो. नट कुणीतरी लई आवळल्यात, बूड वाकलं असंल म्हणून. मालकांनी ऐकलं नाही."

म्हणजे खाली मान घालून तो जे पुटपुटला होता, ते हे होते. मालकांनी ऐकले नाही असे तो म्हणाला. मीही तिथेच उभा होतो, हे त्याने मर्यादेने सांगितले नाही. पंचवीस वर्षे वर्गात मुलांना 'मोठ्याने बोल' म्हणत आलो. जवळ जाऊन ऐकावे, हे मला सुचले नव्हते.

मी गॅरेजच्या मालकाकडेही गेलो. त्याने ऐकून घेतले आणि "बघू" म्हणाला. त्या 'बघू'चा अर्थ आपण सर्व जाणतो. मेस्त्रींना मात्र मी ही हकिगत सांगितली तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. "न उतरवता वळखलं? नुसतं बघून?" मग म्हणाले, "धाडा त्याला. मला आता कान पायजेच हाईत."

*

हल्लीच्या गाड्यांत हा सगळा खटाटोप नाही. २०००च्या आसपास नव्या मोटारींतून कार्बोरेटर गेला. आता लहानसा संगणक हवा मोजतो, पेट्रोल मोजतो, आणि कुठे थोडी हवा गळत असली तर आपणच पेट्रोल वाढवून ती चूक सांभाळून घेतो. फारच झाले तर दिवा लावतो. मग मेस्त्री तारेने आपले यंत्र जोडतो आणि आकडा वाचतो. ही सुधारणा चांगलीच आहे. धूर कमी झाला, पेट्रोल वाचले. तिला नावे ठेवण्याइतका मी जुनाट नाही. पण आकडा वाचल्यावरही कोणता भाग बदलायचा, की काहीच बदलायचे नाही, हे ठरवायला तोच क्रम लागतो. आधी विचारा, मग एकेक गोष्ट बाजूला काढा, जे दिसेल तेच सांगा, आणि शेवटचा हात कुणी लावला याचा शोध घेताना स्वतःचा हात विसरू नका.

गेल्या दसऱ्याला आई पुढच्या आसनावर बसली. जपमाळेशेजारी झेंडूची माळ होती. दसरा चौकाच्या अलीकडे गर्दीत आम्ही पाऊण तास अडकलो. मी इंजिन बंद केले नाही. खरे तर करायला हवे होते, पेट्रोल जळत होते. पण मला ती शांतता ऐकायची होती. माळेचे एक फूलही हलत नव्हते. लांबून मेबॅक सरकत गेली, तिचा केशरी रंग माणसांच्या डोक्यांमधून क्षणभर दिसला. आईने बसल्या जागेवरून हात जोडले.

थोड्या वेळाने तिने विचारले, "गाडी बंद पडली का रे?"

"नाही आई, चालू आहे."

तिने डॅशबोर्डवर तळहात ठेवून पाहिला आणि मान हलवली. "तुझ्या बाबांच्या वेळेसारखी," ती म्हणाली.

भावाला मी अजून काही कळवलेले नाही. पोरगा आता उद्यमनगरात मेस्त्रींकडे जातो. रोज नाही, आठवड्यातून तीन दिवस. बाकीचे दिवस पंक्चरचे दुकान आहेच. परवा गेलो तेव्हा एका ट्रॅक्टरच्या इंजिनावर मेस्त्रींचा तळहात होता आणि शेजारी हा कान लावून उभा होता. मी काही बोललो नाही. तो काय सांगतो ते मला ऐकायचे होते.